स्टिअरिंगला बांधलेला पंचा

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळत आलो. घरात कुणी त्या जीपचा विषय काढला की मी उठून गॅलरीत जायचो आणि कुंड्यांना पाणी घालायचो. त्या पाण्यानं दोन जास्वंदी कुजल्या. बायको म्हणाली, "तुम्हाला झाडांतलं काही कळत नाही." मी मान डोलावली.

गेल्या महिन्यात मिस्त्री गेल्याचं कळलं. आम्हा जुन्या जीपवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. कुणीतरी त्यात त्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हात सोन्याचा होता. विसराळूपणानं घात केला." त्याखाली एकामागून एक जोडलेले हात आले. मीही जोडले. मग फोन उलटा ठेवला आणि रात्रीचं जेवण गेलं नाही.

मिस्त्री विसराळू नव्हते. हे एका ओळीत ग्रुपवर लिहिता आलं असतं. पण "तुम्हाला कसं माहीत?" असं कुणी विचारलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून ते इथे सांगतो. लिहून झालं की कागद आधी बायकोच्या हातात देणार आहे.

पेठ नाक्यापलीकडे एका गल्लीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. माणूस सटाण्याकडचा. बुटके, कान मोठे, आवाज बारीक. नाशकात तीस वर्षं काढल्यामुळे गिऱ्हाइकाशी शहरी मराठी बोलत, पण चिडले किंवा हेलावले की अहिराणीवर येत. फक्त फोर-व्हील, म्हणजे चारी चाकांना जोर असलेल्या जीपसारख्या गाड्या घेत, आणि त्यातही स्टिअरिंगचंच काम. इंजिनाचं काही निघालं की म्हणत, "ते पोट आहे. मी सांधे बघतो. पोटासाठी दुसरा माणूस गाठा."

हाताखाली कुणी ठेवलं नाही. ज्याची गाडी, त्यानंच स्टिअरिंगवर बसायचं, हा त्यांचा नियम. डॉक्टर असो, बागायतदार असो, आमदाराचा भाऊ असो. इंजिन बंद, चारी चाकं जमिनीवर, मालक सीटवर आणि मिस्त्री गाडीखाली उताणे. खालून आवाज यायचा, "डावं. उजवं. डावं. उजवं. इतकं नाही साहेब, चहात साखर ढवळल्यागत." मालक ढवळत बसायचा आणि ते एकेका सांध्यावर तळहात ठेवून पडून राहायचे. दिवा नाही, पाना नाही. स्टिअरिंग हललं की सांध्यानं त्याच क्षणी हललं पाहिजे. किंचित मागे राहिला तर तो सांधा झिजलेला. "हा उशिरा येतो," ते म्हणायचे. कुठल्याही बिघाडाला त्यांच्याकडे हा एकच शब्द होता, उशीर.

त्याआधी प्रश्न. माझ्या जीपचं स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून गेलो, त्या पहिल्या दिवशी मला विचारलेले अजून पाठ आहेत.

"किती वेगाला थरथर धरतं?"

"पन्नास-पंचावन्नला."

"सरळ रस्त्यावर, की काही ओलांडल्यावर?"

"ओलांडल्यावर. पुलाचा जोड, खड्डा."

"ब्रेक दाबला की थांबतं?"

"गाडी जवळजवळ उभी राहीपर्यंत थांबत नाही."

"पोटात गोळा येतो?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते उत्तराची वाट बघत होते. "येतो," मी म्हणालो.

"मग खरं वॉबलिंग आहे. गोळा येत नसता तर म्हटलं असतं, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या आणि घरी जा."

त्यांच्या शेडसमोर मावशींची चहाची टपरी होती. तिथे बसून मी त्यांच्या पुष्कळ लढाया बघितल्या. एकदा एक बिल्डर आला. कोरी गाडी, तिला हौसेनं बसवलेले मोठे टायर, अंगात पांढरा शर्ट. म्हणाला, "स्टिअरिंग थरथरतंय. डँपर बदलून द्या, बाकी हात लावू नका. मला वेळ नाही."

"डँपर म्हणजे खोकणाऱ्याच्या तोंडावर धरलेला रुमाल," मिस्त्री म्हणाले. "आवाज कमी होईल. खोकला छातीतच राहील."

"तुम्ही मिस्त्री आहात की वैद्य?"

"मिस्त्रीच आहे, म्हणून रुमाल विकत नाही. बसा स्टिअरिंगवर."

बिल्डर का बसला देव जाणे. एका हातानं फोनवर बोलत, दुसऱ्यानं स्टिअरिंग फिरवत. खालून आवाज आला, "फोन ठेवा साहेब. हाताला ऐकू येईना." मावशी हसून म्हणाल्या, "बसा हो शेठ, इथं कलेक्टरलापण ढवळायला लावलंय." पाऊण तासानं मिस्त्री बाहेर आले आणि चाकाजवळच्या एका सांध्याकडे बोट दाखवलं. तो बदलला आणि थरथर गेली. पुढे तोच बिल्डर आपल्या मित्रांना घेऊन यायचा आणि टपरीवर बसून, ते ढवळत असताना त्यांची मजा बघायचा.

आता पंचा. सगळं त्यावर आहे, म्हणून नीट सांगतो.

मिस्त्रींच्या खांद्यावर कायम एक पांढरा पंचा असे. हात ते पँटला पुसत. पंच्याला डाग लागू देत नसत. तो पुसायचा नव्हताच, बांधायचा होता. काम अर्धं टाकून शेडबाहेर जायचं झालं, सामान आणायला किंवा नुसतं जेवायला, की ते पंचा स्टिअरिंगला गुंडाळून दोन गाठी मारत. पंचा आहे, म्हणजे गाडी अजून त्यांची, मालकाचीसुद्धा नाही. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. एकदा एका पोलिसानं रस्त्यात आलेली जीप दोन हात मागे घ्यायला सांगितली, तर मावशींनी त्यालाच दटावलं, "पंचा दिसत नाही का? पेशंट टेबलावर आहे."

मीही ते कितीदा पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

माझी जीप सरकारी लिलावातली. मी पाटबंधारे खात्यात मोजणीदार होतो. सगळी नोकरी अशाच जीपच्या मागच्या बाकावर, मोजणीच्या काठ्यांशेजारी गेली. पुढची सीट साहेबांची. निवृत्त झाल्यावर तशीच एक जीप निघाली ती मी घेतली आणि पुढे बसलो, तेही स्टिअरिंगवर. बायकोला हे खूळ वाटायचं. तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, मात्र कौतुक करायचा. त्याची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती. कलमं तो स्वतः बांधायचा. आसपासच्या गावांतून त्याला बोलावणी यायची. उजव्या हातात चाकू आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली धरलेली काडी. तो काडी धरायचा तेव्हा बोलत नसे.

मखमलाबादच्या पुढे एका पुलाचा जोड ओलांडला आणि पहिल्यांदा स्टिअरिंग माझ्या हातात पिसाळलं. दोन्ही चाकं डावी-उजवी आपटायला लागली, बॉनेट थडथडू लागलं. दात एकमेकांवर आपटत होते. गाडी थांबल्यावरही मी बराच वेळ हात सोडले नाहीत.

मिस्त्रींनी माझ्याकडून दोन दिवस ढवळून घेतलं. आधी टायर अदलाबदल करून बघितले, मग चाकांचे बेअरिंग, मग एक सांधा बदलला. थरथर कमी झाली पण गेली नाही. तिसऱ्या दिवशी ते खालून ओरडले, "सापडनं!" पुढच्या चाकांचं वजन पोलादी पट्ट्यांची कमान पेलते. डाव्या कमानीचं टोक ज्या बोल्टवर चासीला अडकवलेलं असतं, तिथलं रबर पार गेलं होतं. त्यामुळे अख्खं चाक मागेपुढे सरकत होतं. "चाकं बिचारी सरळच होती," ते म्हणाले. "त्यांना उभं राहायला जागा नव्हती."

नवीन रबर त्यांनी गाडी जॅकवर असताना बसवलं, बोल्ट घातला आणि नट हातानं फिरवून ठेवला. पान्यानं आवळायचा तो गाडी खाली उतरवल्यावर. रबर आधी गाडीच्या वजनाखाली बसलं पाहिजे. उचललेल्या गाडीत आवळलं तर ते पिळलेलंच राहतं आणि महिन्यात फाटतं. हेही त्यांनी मला समजावलं होतं. समजावल्याशिवाय ते काही करत नसत.

ते संध्याकाळचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला पेठला जायचं होतं. मेहुण्याच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं, अकरा वाजता पाहुणे वाट बघणार होते. मेहुणा सकाळीच आमच्याकडे आला. म्हणाला, "दाजी, एसटीनं जाऊ. गाडीचं नक्की नसंल तर कशाला?"

"जीप असताना एसटीनं जायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो.

नऊ वाजता आम्ही शेडवर पोचलो. मेहुणा मावशींकडे चहा सांगायला थांबला, मी आत गेलो. मिस्त्री नव्हते. नंतर कळलं, बोल्टाचं भोक झिजून मोठं झालेलं त्यांना सकाळी दिसलं, म्हणून ते त्यात बसेल अशी पोलादी पुंगळी करून आणायला सातपूरला लेथवर गेले होते. जीप चारी चाकांवर उभी होती. माझ्या डोळ्यांना पूर्ण झालेली दिसली. स्टिअरिंगला पंचा होता, दोन गाठी.

मी घड्याळ बघितलं. मिस्त्रींना फोन लावला, तो शेडमध्येच बाकावर वाजला. पाच मिनिटं थांबलो. गाडी खाली उतरवली आहे, म्हणजे आवळून झालं असणार, राहिलं असेल तर शेवटचं पुसणं-बिसणं, असं मी स्वतःला सांगितलं. पोटात गोळा होता. मी पहिली गाठ सोडली. दुसरी घट्ट होती, ती नखांनी सोडवली. मग इतक्या घाईतही त्या पंच्याची व्यवस्थित घडी घातली आणि बाकावर, फोनशेजारी ठेवली. जुन्या जीपला किल्ली नव्हतीच, बटण होतं.

"झाली का दाजी?" मेहुण्यानं बाहेरून विचारलं.

"झाली," मी म्हणालो.

पेठच्या घाटापर्यंत जीप लोण्यासारखी चालली. मेहुणा म्हणालासुद्धा, "मिस्त्री भारीच आहे तुमचा." तिथून मात्र मी प्रत्येक खड्ड्याला श्वास धरत होतो. उतारावर एका वळणाआधी रस्ता उखडलेला होता. एक धक्का, मग ती ओळखीची थरथर, मग खाली काहीतरी खणकन पडल्याचा आवाज. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलेलं आणि गाडी डावीकडे चाललेली. जीपला दारं नव्हती. मेहुण्याचा डावा हात बाहेरचा दांडा धरून होता. तो हात दगडी कठडा आणि गाडी यांच्यात सापडला. मला खरचटलंसुद्धा नाही.

हात वाचला. अंगठा वळेनासा झाला. मुलीचं लग्न मात्र जमलं. पेठचे पाहुणे नाशकात दवाखान्यात भेटायला आले आणि तिथेच ठरवून गेले. कलमाचा चाकू त्यानं पुन्हा हातात घेतला नाही.

त्याच संध्याकाळी मिस्त्री दवाखान्यात आले. हाताला ग्रीस तसंच. बायको माझ्याशेजारी बाकावर बसली होती. तिनं नुकतंच विचारलं होतं, "अहो, गाडी दुरुस्त झाली होती ना?" आणि मी म्हणालो होतो, "मला काय माहीत त्यानं बोल्ट सैल ठेवलाय." तेवढ्यात ते समोर येऊन उभे राहिले. खांद्यावर पंचा नव्हता, हातात होता. माझ्या घडीतच.

"साहेब," ते म्हणाले, "मी पंचा बांधेल व्हता ना?"

बायको माझ्याकडे बघत होती. आत तिच्या भावाला ऑपरेशनला घेतलं होतं.

"नव्हता," मी म्हणालो. "बाकावर होता."

ते माझ्याशी वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्याची तयारी मी केली होती, आवाज चढवायचीही. त्यांनी वाद घातला नाही. आधी त्या घडीकडे आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. दारापाशी पोचल्यावर वळून बायकोला म्हणाले, "ताई, मी रोज बांधतो हो." आणि गेले.

त्यानंतर माझे दिवस कसे गेले ते सांगायची लाज वाटते. मिस्त्रींना काय वाटत असेल याची काळजी मला नव्हती. ते बोलतील का, याची होती. त्याहून जास्त मावशींची. त्यांनी आत बघितलं असेल का? महिन्याभरानं त्या गल्लीतून जावं लागलं तेव्हा त्यांनीच हाक मारली, "साहेब, चहा?" मी नको म्हणालो. "त्या दिवशीपण सांगितलेला चहा टाकून गेलात," त्या म्हणाल्या. एवढंच. त्या वाक्यात काही होतं की नव्हतं, हे मी वर्षभर उलटसुलट करून बघितलं. घराची बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचो.

कुणी आलं नाही. बायकोनं माहेरी सांगितलं, माहेरच्यांनी दिंडोरीच्या बागायतदारांना, आणि फोर-व्हील गाड्या जास्त त्यांच्याकडेच. शेडमध्ये गाड्या कमी कमी होत गेल्या. एकदा रिक्षातून जाताना मला मिस्त्री दिसले. एका गाडीच्या स्टिअरिंगला पंचा बांधून ते निघाले होते. दहा पावलं गेले आणि परत आले, गाठ चाचपली, पुन्हा निघाले. कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा आले. रिक्षावाला सिग्नलला थांबला होता. तेवढ्यात तीनदा आले. तिसऱ्यांदा तर तिथेच उभे राहिले, गाठीवर हात ठेवून. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "चला ना, सुटला सिग्नल." सुटला नव्हता.

वर्ष-दीड वर्षात शेड बंद झाली. ते नांदगावला बहिणीकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं.

तिथे मी गेलो ते तीन वर्षांपूर्वी. बायकोला सांगितलं, जुन्या सहकाऱ्याकडे जातो. नाशिक रोडला गाडीत बसलो आणि मनमाड येईपर्यंत दोन वाक्यं घोकत होतो. घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर बसून ते सायकलचं पंक्चर काढत होते. खूप वाळले होते. कान तेवढे मोठे. मला बघून उठायला गेले.

"बसा, बसा," मी म्हणालो.

"पाहुण्यांचा हात कसा आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"बरा आहे. अंगठा वळत नाही."

"वळणार नाही. तो सांधा नाही बदलता येत," ते म्हणाले आणि बहिणीला चहा टाकायला सांगितलं.

चहा येईपर्यंत मी तोंड उघडायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा बहीण पाणी घेऊन आली. दुसऱ्यांदा सायकलवाला आला. तिसऱ्यांदा कुणीच आलं नाही.

मग तेच बोलायला लागले. "साहेब, मी फार विचार केला. पहिली दोन वर्षं वाटायचं, बांधलाच होता. गाठीसुद्धा आठवायच्या. सगळ्यांना सांगत फिरलो. लोक म्हणायचे, मग बाकावर कसा सापडला? आणि तो तर घडी घातलेला होता. बांधलेला पंचा वाऱ्यानं सुटेल, पण घडी कशी पडेल? म्हणजे घडी घालून मीच ठेवलेला, सकाळच्या घाईत. मला आठवतंय ते आधीच्या कुठल्यातरी दिवसाचं असणार." त्यांनी पंक्चरचा तुकडा अंगठ्यानं दाबून धरला. "तुम्ही तेव्हा खरं सांगितलं आणि मला तुमचाच राग आला होता. तो मनातून काढायचा राहिला. मनी चूक व्हती साहेब. माफ करा."

ओट्यावर ऊन होतं. कुणीही नव्हतं आसपास. मला घाबरवणारं जगात आता काहीच उरलं नव्हतं. मेहुण्यानं जखमेचा विषय कधीच सोडून दिला होता, शेड पाडून तिथे इमारत झाली होती.

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "असू द्या मिस्त्री. माणूस आहे, विसरतो."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आज माले झोप लागी," ते म्हणाले.

संध्याकाळी स्टेशनवर सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. मी खिडकीशी बसलो, ते फलाटावर उभे. गाडी हलता हलता त्यांनी गज धरून विचारलं, "साहेब, एवढ्या लांब आलात. काही काम होतं का माझ्याकडे?"

"नाही हो, सहज," मी म्हणालो.

ते थोडं गाडीबरोबर चालले आणि थांबले. समोरची सीट रिकामी होती. ती दोन वाक्यं मी तिला ऐकवली, मनमाडपर्यंत आणि मनमाडच्या पुढेही. मिस्त्री, पंचा मी सोडला होता, मला माफ करा. तुम्ही काहीच विसरला नव्हता.